कानाची मशीन घ्यायचीय? मग ऑडिओलॉजिस्ट आधी शोधा

दोन वर्षांखाली लातूरच्या मोंढ्यात हमालीचा हिशेब चालू होता, अडत्या म्हणाला "साठ" अन् आमच्या अण्णांनी ऐकलं "सात", त्याच्यावरनं चार लोकांत बोलाचाली झाली आणि त्या दिवसापासून अण्णांनी मोंढ्यात जायचंच सोडलं. घरात टीव्हीचा आवाज वाढला, अण्णांचं बोलणं कमी झालं. आम्हाला वाटायचं आता ह्यांना मोठ्यानं बोलावं लागतंय, एवढंच. पण तसं नसतंय ते. वय झाल्यावर किंवा वर्षानुवर्षं ट्रॅक्टर, मळणी यंत्राच्या आवाजात राहिल्यावर कानाचे बारीक आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, त, ठ असले आवाज, बायकांचं अन् लेकरांचं बोलणं. जाडा आवाज ऐकू येत राहतो. म्हणून माणूस म्हणतो "मला ऐकू येतंय, पण तुम्ही काय बोलायलात ते कळंना". आपण ओरडलो की फक्त "आ" मोठा होतो, सात आणि साठ मधला फरक काही मोठा होत नाही.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर अण्णांची पहिली मशीन कपाटात पडून राहिली नसती. ती एका हॉलमधल्या शिबिरात घेतली होती, बाहेर स्पीकर चालू, आत खुर्चीवर बसवून पाच मिनिटांत तपासणी, अन् लगेच मशीन कानात. घरी आल्यावर शिट्टी वाजायची, भांड्याचा आवाज डोक्यात घुसायचा, विचारायला गेलो तर शिबिरवाले गाव सोडून गेलेले. अण्णांनी आठ दिवसात काढून ठेवली. मशीन वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही, तिला अण्णांच्या कानाप्रमाणे लावून देणारं अन् परत परत सुधारून देणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं, आधी माणूस शोधला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन कानाप्रमाणे लावून देणारा ऑडिओलॉजिस्ट, मग मशीन. तेच सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर. कानात मळ साचलेला असला, पडद्याला भोक असलं, पू येत असला तर त्याचा इलाज वेगळाय, मळ काढल्यावरच ऐकू यायला लागलं अशी माणसं आमच्या गल्लीतच आहेत. खाजगीत जायचं नसलं तर संभाजीनगरचा घाटी दवाखाना, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, लातूर, नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, सगळीकडं कानाचा विभाग आहे. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, एखाद्याला काल ऐकू येत होतं अन् आज एका कानानं एकदम बंद झालं, तर मशीनचा विचार करत बसू नका, वाऱ्यानं झालं असंल म्हणून तेल टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याच्यावर औषध असतं पण ते पहिल्या काही दिवसातच लागू पडतं. एकाच कानात सतत सूं आवाज, चक्कर, कानातून रक्त-पू, हे असलं तरी आधी डॉक्टरच.

मग तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री. ही आवाज बंद खोलीतच व्हायला पाहिजे, पंख्याखाली नाही. कानाला हेडफोन लावतात, बारीक टूं आवाज आला की बटण दाबायचं. नंतर कानामागच्या हाडावर एक तुकडा ठेवून परत तसंच करतात, त्याच्यावरनं कळतं की बिघाड कानाच्या बाहेरच्या-मधल्या भागात आहे का आतल्या नसेत. तिसरी तपासणी शब्दांची, शब्द ऐकवतात अन् परत म्हणायला लावतात. ही तिसरी अजिबात चुकवू नका, कारण शब्द मोठे करूनही कळत नसले तर महागात महाग मशीनसुद्धा थोडंच काम करणार, अन् हे खरेदीच्या आधी कळलेलं बरं.

कागद मागून घ्या, तुमचा हक्काचाय तो. त्याच्यावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. वरून खाली वाढत जाणारे डेसिबलचे, म्हणजे आवाजाच्या जोराचे आकडे, डावीकडून उजवीकडं जाडा आवाज ते बारीक आवाज, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. साधारण २५ डेसिबलच्या वर रेघ असली तर कान ठीक, ४० पर्यंत थोडं कमी, ४० ते ७० म्हणजे मध्यम, त्याच्या खाली जास्त. अण्णांची रेघ जाड्या आवाजाकडं ३० वर अन् बारीक आवाजाकडं ७० वर घसरलेली, अगदी घाट उतरल्यासारखी. ती बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हते.

आता माणूस कसा ओळखायचा. ऑडिओलॉजिस्टची डिग्री असते, बीएएसएलपी किंवा त्याच्या पुढची, आणि आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते, नंबर भिंतीवर लावलेला असतो, नसला तर सरळ विचारा, चांगला माणूस रागवत नाही. दुकानात पांढरा कोट घालून बसलेला प्रत्येकजण ऑडिओलॉजिस्ट नसतो. दुसरा प्रश्न, इथं रोज बसता का महिन्यातून एकदा येता. तिसरा, किमतीत किती फेऱ्यांची सेटिंग धरलीय. चौथा, एकाच कंपनीची मशीन ठेवता का तीन-चार. आम्ही पुण्याचं मोठं नाव सोडून लातूरच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडं गेलो, कारण औशाहून एसटीनं तासाभरात जाता येतं, अन् पहिल्या तीन महिन्यात आम्ही पाच वेळा गेलो. पुण्याला पाच वेळा कोण गेलं असतं? तुम्ही गेवराईचे असा का किनवटचे, हाच हिशेब करा, जिथं परत परत जाणं जमतंय तिथंच घ्या.

मशीनचे प्रकार लई आहेत पण आपल्या कामाचे दोन-तीनच. कानामागं बसणारी जाड मशीन, जिला नळी अन् कानाच्या मापाचा साचा असतो, ती फारच कमी ऐकू येणाऱ्याला, टिकायला दणकट. दुसरी कानामागंच पण बारीक, तिच्या तारेच्या टोकाला छोटा स्पीकर असतो अन् तो कानात जातो, हिला आरआयसी म्हणतात, अण्णांसारख्या घसरत्या रेघेला ही बरी पडते कारण कान पूर्ण बंद होत नाही. तिसरी कानात लपणारी. सगळ्यांना हीच पाहिजे असते, कोणाला दिसू नये म्हणून. मी तुम्हाला मनापासून सांगतो, शेतात काम केलेल्या जाड बोटांना ती बसवता येत नाही, सेल बदलता येत नाही, मळानं लवकर बंद पडते. घेणाऱ्याच्याच हातात द्या, दुकानातच स्वतःला घालून काढून दाखवायला लावा, तीन वेळा. जमलं तरच घ्या.

आपल्याकडचं अजून एक, जे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. माझी आत्या डोक्यावरनं पदर घेते, कानामागच्या मशीनचा माईक वरच्या बाजूला असतो, पदर त्याला घासला की सारखा खरखर खरखर आवाज. तिनं आठवडाभर कोणाला सांगितलंच नाही. शेवटी मॅडमनी पदर घेतलेल्या स्थितीतच बसवून बघितलं, मशीन थोडी मागं सरकवली, आवाजाची सेटिंग बदलली, मग बरं झालं. फेटा, टोपी, उपरणं, चष्म्याची काडी, जे रोज घालता ते घालूनच तपासायला जा.

सेल का चार्जिंग? आमच्याकडं ह्याच्यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. चार्जिंगवाली रात्री डबीत ठेवली की दिवसभर चालते, बोटांना त्रास नाही. पण लाईटचा भरवसा नसलेल्या गावात डबीतच बॅटरी असलेला चार्जर घ्या, म्हणजे रात्रभर लाईट नसली तरी अडत नाही. आणि चार-पाच वर्षांनी आतली बॅटरी कमजोर होते, ती बदलायला किती लागतात ते आधीच विचारून लिहून घ्या. सेलवाली घेतली तर सेलच्या पाकिटाला रंग असतात, १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारंगी, ६७५ निळा. रंग पाठ करा, म्हणजे घरातलं कोणीबी आणू शकतं. सेलवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवायचा, हवा लागली की तो चालू होतो, मगच आत घालायचा. आणि नातवंडं असलेल्या घरात हे सेल उंचावर ठेवा. लेकरानं गिळला तर वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, थेट दवाखाना, तो सेल आतून जाळतो.

चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, एआय आहे का, ह्याच्यावर दुकानात तासभर बोलतात. किंमत एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वर जाते अन् फरक बहुतेक गर्दीतल्या गोंगाटाला आवरण्याचा असतो. जो माणूस दिवसभर घरात दोघांशी बोलतो त्याला वरची मशीन लागत नाही, जो दुकानावर बसतो, बैठकीत जातो, कीर्तनाला जातो त्याला मधली घ्यावी. फोनवर बोलायचं असलं तर तुमचा फोन त्या मशीनला जुळतो का ते तिथंच जोडून बघा. साधा फोन असला तर कानाच्या भोकाला लावायचा नाही, थोडा वर, माईकपाशी धरायचा, हे कळायला आम्हाला महिना लागला. दोन्ही कान गेले असतील तर जमल्यास दोन्ही घ्या, आवाज कुठून आला ते एका कानानं कळत नाही, मागून गाडी आली तर कोणत्या बाजूला सरायचं हे समजायला दोन कान लागतात. हिअरिंग एडला जीएसटी नाही, बिलात लावला असंल तर विचारा. वॉरंटी, ट्रायल किती दिवसाची, हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन दोन-तीन हजाराचं जे मिळतं ते नुसतं सगळं मोठं करणारं यंत्र असतं, कानाचा कागद बघून ते लावता येत नाही.

बसवायच्या दिवशी घाई करू नका. मॅडमनी अण्णांच्या कानात केसासारखी बारीक नळी घालून, मशीन लावलेली असताना पडद्याजवळ आवाज खरंच किती पोचतोय ते मोजलं. ह्याला रिअल इअर म्हणतात, सगळीकडं नसतं, पण असलं तर आग्रह करा. आणि सोबत घरातलं असं माणूस न्या ज्याचं बोलणं कळत नाही. आम्ही माझ्या लेकीला नेलं. ती खोलीच्या कोपऱ्यातून हळूच "आबा, शाळा सुटली" म्हणाली अन् अण्णा वळले. मॅडमनी मग तिच्याच आवाजावर अजून थोडं बदललं.

पहिले पंधरा दिवस अवघड जातात, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, भाकरी चावल्याचा आवाज मोठा येतो, पंखा, नळ, चपला, सगळं अंगावर येतं. मेंदूला हे आवाज कितीतरी वर्षांनी ऐकू येतायत, त्याला सवय व्हायला एक-दोन महिने लागतात. सुरुवातीला घरात दोन-तीन तास, मग अंगणात, मग बाजारात, गर्दी सगळ्यात शेवटी. पण रोज घालायची. मशीन किती तास चालू होती ते मशीनमध्येच नोंदलं जातं अन् ऑडिओलॉजिस्टला कॉम्प्युटरवर दिसतं, त्यामुळं खरं सांगा, "दोनच तास घातली, टोचत होतं" म्हणलं की ते टोचणं दूर करता येतं.

आणि इथंच बरेच लोक कमी पडतात. नुसतं "बरोबर येईना" म्हणून चालत नाही. आम्ही शाळेची एक जुनी वही केली, त्यात मी लिहायचो, पत्र्यावर पाऊस पडला की डोकं दुखतं, सुनेचं बोलणं स्वयंपाकघरातनं कळत नाही, सप्ताहात टाळ वाजला की मशीन काढावी लागते, बुलेट गेली की दचकतात, जेवताना शिट्टी वाजते. मॅडमनी वही वाचून एकेक सोडवलं. जेवताना शिट्टी म्हणजे जबडा हलला की कानातलं रबर सैल होत होतं, ते मोठ्या मापाचं बसवलं. टाळासाठी वेगळा प्रोग्राम टाकून दिला, बटण दाबलं की कीर्तनाचं सेटिंग. आता अण्णा पुढच्या रांगेत बसतात, स्पीकरपासून लांब.

देखभाल फार नाही. रात्री कोरड्या फडक्यानं पुसायची अन् ओल शोषणाऱ्या गोळ्या असलेल्या डबीत ठेवायची, मे महिन्यात घामानं अन् श्रावणात दमटपणानं मशीन जातात. अंघोळीला, फवारणीला काढून ठेवायची. टोकाचं मळ अडवणारं बारीक बूच, वॅक्स गार्ड, भरलं की बदलायचं, मशीन बंद पडली म्हणून आलेल्या कितीतरी लोकांचं एवढंच निघतं. कानात तेल टाकायची सवय मात्र कायमची सोडा.

पैशाची अडचण असंल तर सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र अन् यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, काढा, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं अन् महिन्याचं उत्पन्न ३०,००० च्या आत असलं तर केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, मशीन मिळते. ६५ वर्षांच्या पुढं अन् कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखाच्या आत असलं तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात, त्यात चांगली मशीन येत नाही पण सेलचा खर्च निघतो. योजनेतनं मिळालेली मशीनसुद्धा ऑडिओलॉजिस्टकडून आपल्या कानाप्रमाणे लावून घ्या, आहे तशी घालू नका.

वर्षातून एकदा कान परत तपासा, जुना कागद सोबत न्या, रेघ खाली सरकली असली तर त्याच मशीनमध्ये आवाज वाढवून मिळतो. आणि घरातल्यांनी समोर येऊन, आधी नाव घेऊन, टीव्ही बारीक करून बोलायचं. आमच्याकडं स्वयंपाकघरातनं अण्णांना हाक मारायचं बंद झालंय, ज्याला बोलायचंय तो ओसरीवर येतो.