बर्फातली बाग बघायची तर ऑक्टोबरात कात्री आवरा

आमच्या न्यू जर्सीत थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधी गल्लीत लीफ ब्लोअरचा नुसता गलका असतो. वाळलेलं सगळं जमिनीलगत छाटायचं, वर मल्च (मातीवरचं आच्छादन) ओतायचं, की झाली बाग बंद. मग जानेवारीत बर्फ पडला की परसात बघण्यासारखं काही उरत नाही, नुसतं सपाट पांढरं. मीही चार वर्षं हेच केलं. दहिवराला (काड्यापानांवर बसणाऱ्या हिमकणांना) आणि बर्फाला बसायला काहीतरी लागतं, हे उशिराच डोक्यात शिरलं.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहा. डिसेंबर ते मार्च बाग तुम्ही इथूनच बघणार आहात, तेव्हा खिडकीतून जेवढी दिसते तेवढ्यावरच मेहनत घ्या. मी लाल फांद्यांचं डॉगवूड हे झुडूप हौसेनं गॅरेजमागे लावलं. ते फक्त शेजाऱ्यांना दिसतं.

मग ऑक्टोबरात काय छाटायचं नाही ते ठरवा. सेडम, कोनफ्लॉवर ही फुलझाडं, हायड्रेंजियाचे सुकलेले गुच्छ आणि स्विचग्राससारखी उंच गवतं तशीच उभी राहू द्या. सेडमचे तपकिरी झुबके चपटे असतात. त्यांवर पहिला बर्फ बसतो तो ताटलीत इडली ठेवावी तसा, एकेका झुबक्यावर एकेक. कोनफ्लॉवरच्या काळ्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी बिया टिपायला येतात. शेवंतीच्या वाळक्या काड्याही ठेवा. त्यांच्या आडोशानं मुळं थंडीत तगतात. काढून टाकायचं ते फक्त रोगट: गुलाबाची डाग पडलेली पानं, पिओनीची देठं, टोमॅटोचे वेल. आमच्या सोसायटीकडून 'परस अस्वच्छ दिसतो' असं पत्र आलं होतं. कडेचं गवत नीट कापून मधलं तसंच ठेवलं, मग कुणी काही बोललं नाही.

रंग हवा असेल तर विंटरबेरी हे झुडूप लावा. पानं गळतात आणि उघड्या काड्यांवर लालबुंद फळं राहतात. पण तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नुसती 'रेड स्प्राइट' ही मादी आणून लावाल तर फळाची वाट बघत बसाल. जवळच एक 'जिम डँडी' हा नर हवाच. नर्सरीत हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, मला तरी नाही सांगितलं.

कुंड्यांचं काम पहिल्या कडाक्याआधी उरका. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ओल्या मातीनं भरलेली तांबडी कुंडी उभी तडकते. रिकाम्या करून गॅरेजमध्ये पालथ्या घाला. तुळस त्याच्याही आधी, रात्रीचं तापमान १० अंश सेल्सियसखाली जायच्या आत, दक्षिणेच्या खिडकीत आणा.

दहिवर बघायचं तर आदल्या संध्याकाळी आभाळाकडे बघून ठेवा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि हवेतली वाफ पाणी न होता थेट काडीवर स्फटिक होऊन बसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्याही अशाच रात्रींच्या. सूर्य वर आला की खेळ आटोपतो, म्हणून उजाडतानाच बाहेर पडा. स्विचग्रासच्या मागून ऊन येईल अशा बाजूला उभे राहा. तुरे इतके बारीक असतात की एरवी दिसतही नाहीत. त्या दहा मिनिटांत प्रत्येक केस वेगळा मोजता येतो. गोठलेल्या हिरवळीवरून मात्र चालू नका. पात्यांतल्या पेशी फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे कितीतरी दिवस राहतात.

बर्फ पडल्यावर झाडं झोडपायची नाहीत. ओला, जड बर्फ आर्बरव्हायटीवर (कुंपणाला लावतात त्या सदाहरित झाडावर) साचून फांद्या फाकायला लागल्या, तर केरसुणी खालून वर अशी हलकेच फिरवा. वरून खाली दाबलंत तर फांदी मोडते. फांद्यांवर काचेसारखा बर्फ चिकटला असेल तर हात लावू नका, वितळू द्या. जमिनीवरचा बर्फ तसाच असू द्या, मुळांना ती गोधडीच आहे. ड्राइव्हवेवर मीठ टाकता ते वाफ्यात ढकलू नका. झुडपांजवळ वाळू वापरा.

कात्री काढायची ती मार्चअखेरीस. गवतं आणि सेडम जमिनीलगत, पण कोनफ्लॉवरच्या काड्या फूट-दीड फूट ठेवून, कारण लहान मधमाश्या त्यांत घर करतात. डॉगवूडच्या सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या बुडातून काढा, कारण लाल रंग कोवळ्या फांद्यांनाच चढतो.

आणि एखादं विच हेझेलचं झुडूप लावायला जागा असेल तर खिडकीच्या अगदी जवळ लावा. त्याच्या काही जाती फेब्रुवारीत बर्फ असतानाच फुलतात. पिवळ्या, दोऱ्यासारख्या पाकळ्या कडाक्याची थंडी पडली की झुडूप गुंडाळून घेतं आणि दुपारी जरा ऊब आली की परत सोडतं.