दिवाळीआधी लॉन बोडकं करू नका

पाऊस उघडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, गवत घोट्याच्या वर गेलंय, माणसं पाठवा. आणि दिवाळी आलीये, तर एकदम बारीक मारून टाका, म्हणजे महिनाभर बघायला नको." नाशिकमध्ये बंगल्यांच्या आणि मंगल कार्यालयांच्या लॉनची देखभाल हे माझं रोजचं काम आहे. या फोनला माझं उत्तर ठरलेलं असतं: कापू, पण बारीक नाही. पावसाळा संपताना लॉन थोडं उंचच ठेवायचं.

आपल्याकडची हरळी काय किंवा कारपेट लॉन काय, ही उष्णतेत वाढणारी गवतं. 25 ते 35 अंशांत ती जोमात असतात. रात्री पारा 15च्या खाली उतरायला लागला की वाढ मंदावते, आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत तर तो 10च्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य एवढेच दिवस गवताला मुळांत आणि जमिनीलगतच्या धावत्या खोडांत अन्न साठवायला मिळतात. ते अन्न पानं तयार करतात. नेमकी तीच पानं आपण उतरवली, तर ऑक्टोबरचं ऊन थेट खोडांवर येतं. नवी पानं फुटेपर्यंत थंडी सुरू होते आणि लॉन फेब्रुवारीपर्यंत पिवळं पडून राहतं.

इथे घरटी कुणाचा ना कुणाचा द्राक्षबागेशी संबंध असतो. त्यामुळे "ऑक्टोबर छाटणी बागेला चालते, मग लॉनला का नाही?" असं विचारणारे काका भेटतातच. प्रश्न रास्त आहे. पण एप्रिल छाटणीनंतर उन्हाळ्यात द्राक्षाची काडी तयार झालेली असते, डोळ्यांत घड धरलेले असतात, आणि ऑक्टोबरला छाटून आपण ते बाहेर काढतो. हरळीचं उलट आहे. तिचा ऑक्टोबर साठवणीचा महिना.

आता उंचीचं. भर पावसाळ्यात हरळी अडीच सेंटीमीटरवर ठेवली असेल, तर सप्टेंबरअखेरीपासून प्रत्येक कापणीला मशीन थोडं वर घ्या आणि ऑक्टोबर संपता संपता साडेतीन-चार सेंटीमीटरवर आणा. कारपेट लॉनलाही तेवढंच. सावलीत लावतात ते रुंद पानाचं गवत पाच-सहा सेंटीमीटरच्या खाली नेऊच नका, कारण तिथे ऊन आधीच कमी पडतं. मशीनवरच्या 1, 2, 3 या खाचांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. प्लग काढा, पेट्रोलचं मशीन असेल तर स्पार्क प्लगची वायर सोडवा, मशीन सपाट फरशीवर ठेवा आणि पातं फरशीपासून किती वर आहे ते फूटपट्टीने मोजा.

पावसात कापायला मिळालंच नाही आणि गवत दहा-बारा सेंटीमीटर झालं, ही दरवर्षीची तक्रार. एका दमात खाली आणायचं नाही. एका वेळी उंचीचा तिसरा भागच काढायचा, मधे चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, आणि तीन-चार फेऱ्यांत हव्या त्या उंचीवर यायचं. दाट वाढलेल्या गवताचा खालचा भाग उन्हाअभावी पांढरट, पोकळ झालेला असतो. एकदम उघडा पडला की दोन दिवसांत करपतो. पहिल्या फेरीआधी काठी आपटत लॉनभर एक चक्कर मारा. उंच गवतात साप असू शकतो. शिवाय दगड, तार, मुलांचे बॉल उचलून होतात.

दोरीवाल्या ब्रशकटरने सपाट लॉन मारून घेऊ नका. माणूस कितीही सराईत असला तरी हात वरखाली होतो आणि टकलाचे गोल दिसायला लागतात. तो कडेला, झाडाच्या बुंध्याशी आणि उतारावरच चांगला. आणि पात्याला धार हवीच. कापल्यावर एक पान चिमटीत धरून बघा. टोक सरळ कापलेलं दिसलं तर ठीक. तंतू लोंबत असतील तर पातं बोथट आहे, आणि उद्या दुपारपर्यंत सगळ्या लॉनवर पांढुरकी छटा येईल. ऑक्टोबरात दव पडायला लागतं, म्हणून सकाळी दहाच्या आत मशीन बाहेर काढू नका. ओल्या गवतावर चाकं घसरतात, कापलेल्याचे गठ्ठे पडतात आणि त्याखाली बुरशी धरते.

यानंतरचं काम वाफशावर अवलंबून आहे. चार महिने पावसाचा मारा आणि वरून पायांचा, काळी माती दाबून घट्ट होते. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, तो वाफसा. त्या दिवसांत काट्याच्या फावड्याने आठ-दहा सेंटीमीटर खोल भोकं पाडत जा, साधारण दहा-दहा सेंटीमीटरवर. चिखलात हे केलंत तर भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि फायदा शून्य. मग चाळलेला पोयटा, वाळू आणि गांडूळखत एकत्र करून पाच मिलिमीटरचा थर पसरा आणि खराट्याने भोकांत ढकला. शंभर चौरस मीटरला अर्धा घनमीटर मिश्रण पुरतं, म्हणजे पाव ब्रासपेक्षाही कमी. पानांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. शेणखत पूर्ण कुजलेलं नसेल तर वापरू नका, त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणीही. हे सगळं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका, कारण जखमा भरायला गवताला तीन-चार उबदार आठवडे लागतात.

हुमणीचं नाव निघालंच आहे. पाणी असूनही एखादा पट्टा तपकिरी पडतोय, साळुंक्या आणि कावळे तिथेच उकरतायत, असं दिसलं की थांबू नका. एक फूट चौरस गवत तीन बाजूंनी कापा आणि चटईसारखं उलटा. मुळं खाल्ली गेली असतील तर ते हाताने सहज सुटून येतं. खाली इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या दिसतील. एका फुटात चार-पाचाहून जास्त असतील तर त्या वेचा आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारं मेटारायझियम पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, ओल्या मातीत सोडा. ही बुरशी अळीवर वाढते. तिला ओल लागते, म्हणून पावसाची ओल टिकून आहे तोवरच हे काम करायचं.

लव्हाळ्यावर मी घरगुती लॉनमध्ये तणनाशक मारत नाही, मुलं अनवाणी खेळतात. त्याची तिधारी काडी नुसती ओढली तर तुटते आणि जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. वाफशावर अरुंद खुरपं बाजूने घालून गाठीसकट काढा. गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

खताबद्दल थोडक्यात. युरिया द्यायचाच असेल तर सप्टेंबरअखेर शेवटचा, चौरस मीटरला दहा ग्रॅम, कोरड्या पानांवर, आणि लगेच पाणी. त्यानंतर बंद. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौरस मीटरला पाच ग्रॅम पोटॅश वाळूत मिसळून फेका. डिसेंबरात रंग उतरला म्हणून युरिया ओतणारे बरेच आहेत. थंडीत मुळं ते फारसं उचलत नाहीत, खत वाया जातं.

पाणी रोज शिंपडू नका. पावसाळ्यात मुळं वरवर राहतात, त्यांना खाली न्यायचंय. ऑक्टोबरात तीन-चार दिवसांनी एकदा, सकाळी, भरपूर. लॉनवर सरळ काठाची वाटी ठेवा, दोन सेंटीमीटर भरली की बस. मग लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, दहा सेंटीमीटर सहज गेला तर ओल पोचली. मुरमाच्या जमिनीला थोडं थोडं पण लवकर लवकर द्यावं लागतं. काळी माती पाणी धरून ठेवते. थंडीत आठवड्याला एकदा पुरे.

दिवाळीत मुलांना किल्ला करू द्या, फक्त लॉनच्या मधोमध नको. कडेला, गोणपाट अंथरून त्यावर माती टाका, म्हणजे भाऊबीज झाली की गोणपाटासकट उचलता येतो. पणत्या गवतावर ठेवायच्या तर खाली ताटली हवी, सांडलेल्या तेलाचा डाग महिनोन् महिने जात नाही. भुईनळे फरशीवरच लावा. तुळशीच्या लग्नानंतर घरी कार्य असेल आणि मांडव लॉनवर असेल, तर मांडववाल्याला आधीच बजावून ठेवा: कार्पेट त्याच रात्री उचलायचं. सकाळपर्यंत राहिलं आणि ऊन चढलं की खालचं गवत उकडून निघतं. केटररच्या गरम पाण्याला आणि भट्टीला लॉनबाहेरची जागा दाखवा, आणि ती आदल्या दिवशी स्वतः उभं राहून दाखवा.

डिसेंबर-जानेवारीत कापणी तीन-चार आठवड्यांनी, तीही टोकं सारखी करण्यापुरती. पिवळेपणाला घाबरू नका, मुळं जिवंत असतात. ज्यांना बारीक मारायची हौस आहे त्यांनी महाशिवरात्रीनंतर, रात्रीचा गारवा ओसरला की मारावं. तेव्हा जुनं वाळलेलं काढून टाकणं गवताला मानवतं आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवा फुटवा येतो. तोपर्यंत मशीन ठेवून देताना खाली चिकटलेलं गवत लाकडाच्या पट्टीने खरवडा, पेट्रोल काढून टाका, पात्याला तेलाचा हात लावा आणि धार आत्ताच करून घ्या, मार्चमध्ये धारवाल्याकडे रांग असते.