मराठी शाळेतून ॲक्च्युअरीकडे: बेळगाव भागातल्या मुलांनी सुरुवात कशी करावी

हजार माणसांनी प्रत्येकी एक लाखाचा विमा उतरवला आणि वर्षभरात त्यातले दोघे दगावतील असं धरलं, तर दोन लाख लागतील; म्हणजे माणशी २०० रुपये. हप्ता वर्षाच्या सुरुवातीलाच जमा होऊन त्यावर ७ टक्के व्याज मिळणार असेल, तर १८७ पुरतात. असे हिशेब जबाबदारीने मांडणारा तो ॲक्च्युअरी. खानापूर-निपाणीकडच्या शाळांत गणितात रमणारी मुलं आहेत, पण त्यांच्यापर्यंत या कामाचं नावच पोचत नाही, याची खंत वाटते.

दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, गणित सोडू नका. कॉमर्समध्ये स्टॅटिस्टिक्स घेतलं तरी कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स वेगळे शिकावेच लागतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुट्टीतच एक वही घालावी. डावीकडे संभाव्यता, उजवीकडे प्रोबॅबिलिटी. विचलन म्हणजे डेव्हिएशन, व्हेरिअन्स नव्हे. प्रचरण म्हणजे व्हेरिअन्स. गणित आपल्याला येत असतं, अडतं ते शब्दांपाशी. ही वही पुढे कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा जास्त कामी येते, असं माझं ठाम मत आहे.

मग एसेट (ACET) ही प्रवेश परीक्षा. ती नवी मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. बारावीला बसलेल्यांनाही देता येते. वेळ तीन तास, गुण १००, उत्तीर्ण व्हायला ५०. त्यातले ६० गुण गणित आणि स्टॅटिस्टिक्सचे, बाकीचे डेटा, इंग्रजी आणि तर्काचे.

पास झालात की संस्थेचे सभासद व्हा, पण डिग्री सोडू नका. २०१९ च्या रचनेत फेलो, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी, होईपर्यंत तेरा पेपर आहेत आणि एकेकाला कित्येक महिने जातात. सुरुवात सीएस१ (स्टॅटिस्टिक्सचा पेपर) किंवा सीएम१ (ॲक्च्युअरीच्या गणिताचा पेपर) ने करावी. दोन्हींत लेखी भागासोबत संगणकावरचा भाग असतो: पहिल्यात आर ही संगणकाची भाषा, दुसऱ्यात एक्सेल. लेखी चांगला होऊनही या भागात मुलं अडकतात, म्हणून रोज तासभर संगणकावर बसा. जुने पेपर संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ते घड्याळ लावून सोडवा. नापास झालात तर घरी सांगा. या परीक्षांत ते नेहमीचं आहे, आईवडिलांना ते आधीच माहीत असलेलं बरं.

दोन-तीन पेपर सुटले की नोकरीला अर्ज करा. फेलो व्हायला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, त्यामुळे सगळे पेपर संपायची वाट पाहू नये. कामं मुख्यतः मुंबई, बेंगळूर, गुरुग्रामला. बेंगळूरच्या मुलाखतीला राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत पोचवते.