गोव्यातल्या पणजोबांची मृत्यूनोंद शोधताना

बहुतेक लोक फक्त नाव घेऊन कचेरीत जातात आणि हात हलवत परत येतात. पोर्तुगीज काळातल्या पुस्तकांत सगळ्यात बेभरवशाचे असते ते नावच. आधी माणूस कुठे वारला आणि साधारण कोणत्या वर्षी, ते ठरवा.

'कुठचा' आणि 'कुठे वारला' यांत गल्लत करू नका. घर पेडण्यात असले, पण मरण पणजीत आले असेल तर नोंद तिसवाडी तालुक्याच्या पुस्तकात शोधायची. मुंबईत वारलेल्या माणसासाठी गोव्यातली पुस्तके चाळण्यात अर्थ नाही.

वर्षासाठी घरातली श्राद्धतिथी कामाला येते, पण कोणती ते नीट विचारा. पितृपक्षातली तिथी पुरत नाही: शुद्ध पंचमीला वारलेल्याचा महालयही वद्य पंचमीलाच होतो आणि महिना तर कळतच नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचा महालय अविधवा नवमीला, तिथी माहीत नसलेल्यांचा सर्वपित्रीला. म्हणून वर्षश्राद्धाचा महिना, पक्ष आणि तिथी विचारा. शक माहीत असेल तर त्यात 78 मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर 79. शके 1846 चा माघ 1925 मध्ये येतो, 1924 मध्ये नाही. मार्गशीर्ष वद्य आणि पौष दोन्हींपैकी कोणत्याही वर्षात पडू शकतात, तेव्हा दोन्ही पुस्तके मागा. डिसेंबरअखेरचे मरण पुढच्या वर्षीच्या पुस्तकात चढलेले असू शकते, तेही लक्षात ठेवा.

आता पुस्तक कुठे आहे ते. सर्वधर्मीयांची नागरी नोंदणी 1910 ते 1920 च्या दशकात रुळली. ती पुस्तके तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारावीत. त्याआधीच्या ख्रिस्ती माणसाची नोंद इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनाच्या पुस्तकात असते. जुनी पुस्तके इगर्जीत नसतील तर पणजीच्या पुराभिलेखात विचारा. हिंदू माणसाची त्या आधीची नोंद मिळेलच असे नाही. गोवा मुक्तीनंतरच्या, विशेषतः 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदींसाठी पंचायत किंवा पालिका गाठा.

मग नाव. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे. 'श' साठी बहुधा एक्स हे अक्षर, त्यामुळे शांताराम एस मध्ये सापडत नाही. 'नायक' मधला क क्यू-यू असा लिहिलेला दिसेल. प्रभू हा पोरोबो होतो, कामत कामोतिम, शणै सिनाय. अनुक्रमणी बहुधा आडनावावर नसून पहिल्या नावावर लावलेली असते. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे घेऊन जा. लग्नात नाव बदललेले असते आणि पुस्तकात कोणते चढले ते आधी सांगता येत नाही. पानावर 'ओबितु' म्हणजे मृत्यू, 'व्हियुवा' म्हणजे विधवा, 'फिल्यु द' म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढे ओळखता आले तरी निम्मे काम होते.

नोंद सापडली की 'तेओर' मागा, नुसता संक्षिप्त दाखला नको. तेओर ही पूर्ण नक्कल असते, आणि आईवडील, वय, वैवाहिक स्थिती, खबर देणाऱ्याचे नाव असा आणखी मागच्या पिढीचा धागा मिळाला तर तिथेच मिळतो. वयावर मात्र फार विसंबू नका. खबर देणाऱ्याने अंदाजाने सांगितलेले असते आणि ते गोल आकड्यात, पन्नास-साठ असे येते.

पुस्तक वाळवीने खाल्लेले किंवा नोंदच नसेल, तर मृत्यू दुसऱ्या कागदावर शोधायचा. जमीनजुमला असेल तर वारसांच्या दस्तात किंवा कोर्टातल्या इन्व्हेंतारात, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या कागदपत्रांत, मृत्यूची तारीख बहुधा लिहिलेली असते. घराणे गांवकरांचे, म्हणजे गावच्या मूळ हक्कदारांचे, असेल तर कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घेणाऱ्यांच्या यादीतून नाव कोणत्या वर्षी गळले ते पाहा. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीच्या कोमुनिदादींची प्रशासने अनुक्रमे पणजी, म्हापसा आणि मडगावला आहेत. नाव गळल्याचे वर्ष हे मृत्यूचेच वर्ष असेल असे मात्र नाही. यादी उशिरा दुरुस्त झालेली असू शकते, म्हणून त्याच्या मागची दोन-तीन वर्षे तपासा.