खेळणं सुटलं, आता शाळेतल्या पोरांना बेसबॉल शिकवायचाय? मग हे वाचा

पहिल्या दिवशी मैदानावर गेलात की बॅट हातात घ्यायची नाही. एवढं एक पाळलंत तरी अर्धे कोच झालात म्हणून समजा, कारण आपण सगळे जुने खेळाडू हीच चूक करतो, पोरं जमलेली असतात, हात शिवशिवत असतात, मग "चला रे, दाखवतो कसं मारायचं" म्हणत आपण चार बॉल कुंपणापलीकडच्या सोसायटीत पाठवतो, पोरं टाळ्या वाजवतात, "सर लई भारी" म्हणतात आणि तास संपतो. शिकलं कोण? कोणीच नाही. मी आख्खं पहिलं वर्ष असंच घालवलंय म्हणून सांगतोय. वर्षाच्या शेवटी पोरं पहिल्याच मॅचला हरून बाहेर, आणि मला मात्र वाटत होतं की आपण जाम मेहनत घेतली.

खरी अडचण अशी असते की आपल्या अंगाला सगळं येत असतं पण तोंडाला येत नाही. आठवीतल्या एका पोराने मला विचारलं, "सर, पाय टेकल्यावर खांदा फिरवायचा का आधी?" आणि मी गप्प. इतकी वर्षं पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, होतो आणि मला माहीतच नव्हतं! त्या रात्री घरी पेपरची सुरळी करून बेडरूमच्या आरशासमोर अगदी सावकाश थ्रो करून बघितला, बायको म्हणाली डोकं फिरलंय का. पण तेव्हा कळलं, की आधी पुढचा पाय टेकतो, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट. तुम्हीपण हे करा, लाजू नका. आपल्याला येणारी प्रत्येक गोष्ट एकदा हळू करून बघायची आणि वहीत साध्या मराठीत उतरवायची. वहीत उतरली नाही तर पोराला सांगता येणार नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार मजा नाही. अनुदानित शाळेत कायमचा पीटी शिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. लागतंच, पुण्यात गुलटेकडीला आगाशे कॉलेज आहे, बरेच जण तिथूनच करतात. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा कोर्स केलेला असेल तर शाळा जरा आदराने बघते. नाहीतर मग आपला मानधनावर कोच, संध्याकाळचे दोन तास आणि शनिवार सकाळ, आणि मानधन कधी तीन महिन्यांनी एकदम येतं तर कधी "सर, पुढच्या टर्मला बघू". तेव्हा दुसरं काहीतरी उत्पन्न असू द्या. खेळाडू असतानाची सर्टिफिकेटं मात्र लॅमिनेट करू नका, बऱ्याच ठिकाणी पडताळणीला लॅमिनेट केलेली चालत नाहीत, माझं एक असंच परत आलंय.

आता पोरं कुठून आणायची. पुण्यात "बेसबॉल" म्हटलं की घरचे म्हणतात तो अमेरिकेतला का, आणि पोरं म्हणतात आम्ही क्रिकेटला जातो. क्रिकेटवाल्यांच्या मागे फार लागू नका असं माझं मत. तुमच्या शाळेत खो-खोची टीम असेल तर आधी तिकडे जा. खो-खोचे नियम १९१४ मध्ये आपल्या डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले, त्यामुळे हा तर पुण्याच्या घरचाच खेळ, आणि त्यातली पोरंपोरी बेस चोरायला, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तोवर पुढच्या टप्प्यावर पळायला, देवाने पाठवलेली असतात, हुलकावणी देणं, मातीत झोकून देणं, उठून परत पळणं, यातलं काहीच शिकवायला लागत नाही. माझी सगळ्यात चांगली शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर) खो-खोतली मुलगी आहे, तिने पहिल्या दिवशी ग्लोव्ह घालायला चक्क नकार दिला होता, म्हणे हात जड होतो. आणि लगोरी खेळलेली पोरं असतील (आता कमीच सापडतात) तर त्यांना फक्त एवढंच सांगायचं की पळणाऱ्याला बॉल फेकून मारायचा नाही, बॉल हातात धरून टेकवायचा. हे दहा वेळा सांगावं लागतं. अकराव्या वेळी तरी कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत बॉल घालतंच.

क्रिकेटची पोरं शेवटी येतातच, कारण त्यांची तिकडे सिलेक्शनला नावं लागत नाहीत, मग त्यांच्या अंगातलं क्रिकेट काढायचा कार्यक्रम करावा लागतो. पहिली सवय म्हणजे बॅट घेऊन पळणं. बॉल मारला की पोरगं बॅट छातीशी धरून फर्स्ट बेसकडे धावतं आणि तिथे जाऊन बॅट टेकवतं! ओरडून उपयोग नाही, मी काय करतो, होम प्लेटच्या (जिथून बॅटर मारतो ती जागा) बाजूला फक्कीने एक गोल आखतो आणि सांगतो की बॅट या गोलात पडली नाही तर तू आउट. आठवड्यात सुटते. दुसरी सवय, मारल्यावर उभं राहून बघणं, कारण क्रिकेटमध्ये रन घ्यायचा का नाही हे आपण ठरवतो, इथे बॉल फेअर, म्हणजे दोन रेघांच्या आत, पडला की पळायचंच, मनात असो वा नसो. तिसरी, स्लिपच्या डोक्यावरून कट मारून खुश होणं, इथे मागे गेला की फाउल, काही मिळत नाही. आणि उजव्या हाताची जवळजवळ सगळी पोरं ग्लोव्ह उजव्याच हातात घालतात, कारण कॅच त्या हाताने बरा येतो असं वाटतं, मग थ्रो करायच्या वेळी ग्लोव्ह काढत बसतात, तोवर रनर दोन बेस पुढे. फेकायचा हात मोकळा ठेवायचा, हे एकदा डोक्यात बसलं की झालं.

एक गोष्ट मात्र त्यांना जाम आवडते. एकाने पिचिंग बघून मला विचारलं, "सर, म्हणजे इथे भट्टा चालतो?" भट्टा म्हणजे क्रिकेटमध्ये चालत नाही तसा कोपर वाकवून फेकलेला बॉल. म्हटलं बाबा, इथे भट्टाच टाकायचा असतो. तेव्हापासून पिचर व्हायला रांग. बॉलची भीती घालवायची असेल तर हातात दोन्ही बॉल द्या, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ चा, म्हणजे आपला उलट किंचित हलकाच. शाळेने सॉफ्टबॉल आणून दिला असेल (बहुतेक वेळा तोच आणतात, वर "एकच की सर") तर तो १२ इंच घेराचा, मोठा, आणि त्यात पिचिंग खालून, हाताचं चाक फिरवून. दोन्ही खेळांच्या शालेय स्पर्धा वेगवेगळ्या होतात, एन्ट्री पण वेगळी, हे शाळेला लेखी द्या.

मैदान आखायचं कसं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा डिटेलमध्ये. मोठा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, प्रत्येक बाजूला ९० फुटांचा, तो पुण्यातल्या शाळेच्या मैदानात बसेल अशी आशाच सोडा, अर्ध्या मैदानात स्कूलबस उभ्या असतात. ६० फुटांचा आखा, सॉफ्टबॉललाही तोच आणि लहान पोरांच्या बेसबॉललाही चालतो. बोहरी आळीतून एक १०० फुटी टेप, जाड सुतळी आणि चार लांब खिळे आणा. आधी होम प्लेटचा कोपरा ठरवा, शक्यतो असा की मारलेला बॉल प्रयोगशाळेच्या काचांकडे जाणार नाही, तिथे खिळा. मैदानाच्या मधोमध सरळ ८४ फूट १० इंचांवर दुसरा खिळा, हा सेकंड बेस. आता ६० फुटांच्या दोन सुतळ्या घ्या, एक होमच्या खिळ्याला, दुसरी सेकंडच्या खिळ्याला, दोन्हींची मोकळी टोकं एकत्र धरून उजवीकडे ताणली की जिथे दोन्ही ताठ होतात तो फर्स्ट बेस, तीच टोकं डावीकडे नेली की थर्ड. नववीतली एक मुलगी बघत उभी होती, म्हणाली "सर, हे तर पायथागोरस आहे", तिला मी तिथल्या तिथे स्कोररची जागा देऊन टाकली. मग रेघांवर फक्की. बेस म्हणून वाळूची पोती ठेवू नका, घोटा मुरगळतो, जुन्या रबरी मॅटचे १५ इंचाचे चौकोन कापा आणि होम प्लेट १७ इंच रुंद. पिचरची जागा लहान पोरांना ४६ फुटांवर पुरते, मोठ्या बेसबॉलमधली ६० फूट ६ इंच ही त्यांच्या खांद्यासाठी नाहीच.

आता खांद्याचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका, या सगळ्यात मला मनापासून सांगायचंय ते हेच.

माझा उजवा हात आज बसमधली वरची दांडी पकडू शकत नाही. सतरा-अठराचा असताना एका स्पर्धेत एकाच दिवसात तीन मॅच टाकल्या, दुसऱ्या दिवशी फायनल, तीपण मीच. आमच्या तेव्हाच्या कोचनी बॉल मोजले नाहीत, मीही मोजले नाहीत, मला तर अभिमान वाटत होता की सर दुसऱ्या कोणावर विश्वास टाकत नाहीत. फायनल जिंकलो. कोपर आतल्या बाजूने त्या रात्री सुजलं ते परत कधी पूर्ण सरळ झालंच नाही, आणि चोविसाव्या वर्षी खेळ बंद. अमेरिकेत १९७४ मध्ये फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी टॉमी जॉन या पिचरचं कोपर हातातलाच दुसरा स्नायुबंध घालून दुरुस्त केलं आणि तो १९७६ ला परत पिचिंग करायला लागला, ते ऑपरेशन आजही त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडच्या पोराला कोण करून देणार ते? त्याचे वडील विचारणार, "सर, याला दहावीचा पेपर तरी लिहिता येईल ना?"

म्हणून मोजा. तिकडे अमेरिकेत लहान पोरांच्या लिटल लीगचा नियम आहे, ९-१० वर्षांच्या पोराने दिवसाला जास्तीत जास्त ७५ पिच (बॅटरला टाकलेले बॉल) टाकायचे, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. आणि चौदा वर्षांपर्यंतच्या पोराने ६६ च्या वर टाकले तर पुढे चार दिवस सुट्टी. अजून एक फार शहाणा नियम आहे, ज्याने मॅचमध्ये ४१ किंवा जास्त पिच टाकले त्याने त्या दिवशी उरलेला वेळ कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा) व्हायचं नाही, कारण कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतच असतो. आपल्या टीममध्ये नेमका सगळ्यात भारी हाताचा पोरगाच पिचर पण असतो आणि कॅचर पण. आपल्या स्पर्धा बाद फेरीच्या, एका दिवसात दोन-दोन मॅच, त्यामुळे तीन तरी पिचर तयार पाहिजेत, तिसरा कच्चा असला तरी. मोजायला महागडं काही नको, तुळशीबागेत पूजेच्या सामानाच्या दुकानात बोटात घालायचा नामजपाचा काउंटर मिळतो तो घ्या. प्रत्येक पिचला एक दाबायचा. पालकांना वाटतं सर मॅच जिंकायला जप करतायत, वाटू द्या. प्रॅक्टिसमधलेही मोजा, मॅचआधी वॉर्मअपला पोरगं उत्साहात पन्नास टाकून बसतं.

आणि ९५ झाल्यावर पोरगं म्हणणारच "सर, हात मस्त आहे, अजून एक इनिंग". मीपण असंच म्हणायचो. काढायचा. मागच्या वर्षी सेमीफायनलला दोन रनांनी पुढे असताना काढला, हरलो, मुख्याध्यापिका बाईंनी ऑफिसात बोलावून विचारलं की चांगला खेळाडू बसवला का. मी काउंटर टेबलावर ठेवला. त्यांना काही कळलं नाही बहुतेक, पण पुढे काही बोलल्या नाहीत.

इथे कुणीतरी हमखास तुम्हाला जिम मॉरिसची गोष्ट ऐकवेल, टेक्सासमधल्या बिग लेकच्या हायस्कूलचा विज्ञान शिक्षक आणि बेसबॉल कोच, दुखापतीने खेळ सुटलेला, पोरांनी पैज लावली की आम्ही जिल्हा जिंकला तर सर तुम्ही ट्रायल द्यायची, पोरं जिंकली, आणि हा गडी १९९९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी टॅम्पा बेच्या टीमकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरला आणि पहिल्याच बॅटरला स्ट्राइकआउट केलं. गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून कोच होऊ नका. तो दोन सीझन मिळून २१ मॅच खेळला, आणि आपल्याकडे तर परत जायला लीगच नाही. स्वतःची राहिलेली मॅच पोरांच्या हातून खेळायला गेलात की काउंटर खिशातच राहतो, एवढं मी पाहिलंय. माझ्याच हातून एकदा झालंय ते, ९५ नंतर अकरा पिच, नशिबाने पोराला काही झालं नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर जून उघडला की आधी पोरांचे जन्मदाखले आणि बोनाफाइड गोळा करा, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, एका दिवसाने वय चुकलं तरी टीम बाहेर. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण यांच्या स्पर्धा वेगळ्या, मग विभाग, मग राज्य. दहावीच्या आईबापांना सवलतीच्या गुणांचं सांगा पण आकडा सांगू नका, नियम बदलत राहतात, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या नोटीस बोर्डवर बघून मगच बोला. नाहीतर मार्क आले नाहीत की सरांनी फसवलं.

आणि ग्लोव्ह. स्पर्धा येतात पावसाळ्यात, मैदान म्हणजे चिखल, आणि पोरं ओले ग्लोव्ह तसेच किटबॅगेत कोंबून निघून जातात, सोमवारी उघडलं की हिरवी बुरशी. मॅच झाल्यावर स्वतः उभं राहून प्रत्येक ग्लोव्ह पुसून घ्या, उन्हात किंवा हीटरसमोर नको, चामडं तडकतं, पंख्याखाली ठेवा, बोटांत पेपरचे बोळे आणि तळव्यात एक बॉल घालून सुतळीने बांधा म्हणजे आकार राहतो. बोळे दुसऱ्या दिवशी बदला. स्टाफरूममधले पेपर घ्यायचे, पण कोडं सोडवायचं पान बाजूला काढून ठेवा, गणिताच्या सरांना लागतं.