जुनी टाचदुखी घेऊन लेहमध्ये मॅरेथॉनचा सराव कसा करावा

पोटरी संपते तिथे, टाचेच्या वर, जाड दोरीसारखी एक शीर हाताला लागते. तिला अकिलीस टेंडन म्हणतात. माझी डाव्या पायाची ही शीर सहा वर्षांपासून दुखते. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली वीस-पंचवीस पावलं लंगडत पडतात, मग ती मोकळी होते. दुखणं पूर्ण जाईल तेव्हा धावू, असं ठरवलं असतं तर धावणंच सुटलं असतं. लडाख मॅरेथॉनसाठी मी दोनदा लेहमध्ये तीन-तीन आठवडे राहिले. पहिल्या वेळी चुका झाल्या, दुसऱ्या वेळी जमलं. अशाच जुन्या दुखण्यासह उंचीवर जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. उंची हा स्वतःच एक व्यायाम आहे. नुसतं बसून राहिलं तरी हृदय आणि फुप्फुसं जास्त काम करत असतात. त्यामुळे तिथे पोहोचल्यावर पायांवरचा ताण त्याच दिवशी वाढवायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्या आहेत.

आधी उंची नीट समजून घ्या

महाबळेश्वर-पाचगणीला चढावर धावून "उंचीवरचा सराव" झाला, असं आपल्याकडे अनेक जण म्हणतात. चढाचा सराव म्हणून तो उत्तमच आहे. पण महाबळेश्वर जेमतेम 1,400 मीटरपर्यंत जातं आणि कळसूबाईचं टोकही 1,646 मीटरच आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला साधारण 2,000 मीटरच्या वर काही आठवडे राहावं लागतं. उटी 2,240 मीटरवर आहे, केनियातलं इटेन 2,400 मीटरच्या आसपास, आणि लेह थेट 3,500 मीटरवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाइतका उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. निव्वळ वेग वाढवायचा असेल तर माझ्या मते लेहपेक्षा उटी बरी. लेहला जायचं ते लेहमध्येच शर्यत असेल तर.

निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी

फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, रक्ततपासणी करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, कारण ते ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, बायकांमध्ये तर बऱ्याचदा. उंचीवर शरीर नवीन तांबड्या पेशी बनवायला घेतं आणि त्यासाठी लोह लागतं. साठा कमी निघाला तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि तो भरायला आठवडे लागतात हे धरून चाला. अळिवाची खीर, पालेभाजी, वर लिंबू हे चालू ठेवाच. चहा मात्र जेवणाला चिकटून घेऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही.

शिरेचं काम याच काळात करायचं. शिरेला पूर्ण विश्रांती मानवत नाही, तिला नियमित आणि मोजका भार लागतो. माझा रोजचा व्यायाम असा: जिन्याच्या पायरीवर पायाचा पुढचा भाग ठेवायचा, टाच हवेत. एक हात कठड्यावर. दोन्ही टाचा उचलायच्या, मग चांगला पाय सोडून फक्त दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचं, मनात तीन आकडे मोजत, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. पंधराचे तीन संच. खाली जाताना शीर ओढली जाते, थोडी दुखतेही; तेवढं चालतं. (टाचेच्या अगदी हाडापाशी दुखत असेल तर पायरीखाली जाऊ नका, सपाट जमिनीवरच करा.) याचा गुण यायला साधारण बारा आठवडे लागतात, म्हणून जमलं तर याहून आधीच सुरुवात करा.

औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे बसा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

डायमॉक्स, म्हणजे असिटाझोलामाइड, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून लेहला जाणारे कितीतरी पर्यटक सर्रास घेतात. पण ते वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांना आळा घालणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. तुमची उत्तेजक चाचणी होण्याची शक्यता असेल तर टीयूई म्हणतात ती उपचारासाठीची सूट आधी मिळवावी लागते. दुखण्यासाठी दिलेल्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे का, ते पाकिटाच्या मागे वाचा. पॅरासिटामॉलबरोबर ते एकाच गोळीत मिळतं आणि 2024 पासून स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. बंदीचं एक वेळ बाजूला ठेवा. उंचीवर झोपेत श्वास आधीच अनियमित होतो, त्यात श्वास मंद करणारी अशी गोळी धोक्याचीच.

पोट बिघडलं की आपल्याकडे पटकन सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेतलं जातं. या गटातली औषधं अकिलीसच्या शिरेला इजा करू शकतात, क्वचित शीर तुटतेही. प्रवासात पोट बिघडणारच असं धरून डॉक्टरांना आधीच सांगा की माझी शीर दुखरी आहे, दुसरं काय देता? ते नाव कागदावर लिहून सामानात ठेवा.

पहिले तीन दिवस: धावायचं नाही

मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून लेह. सकाळी समुद्रसपाटीवर असतो आणि दुपारी 3,500 मीटरवर. पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात. तिसऱ्या दिवशी बाजारापर्यंत सावकाश चाला. शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायचा मोह होतो, तो आवरा.

पहिल्या खेपेला माझं इथेच चुकलं. दुसऱ्या संध्याकाळी टाच ठणकत होती म्हणून मी आयबुप्रोफेन घेतली. टाच थांबली आणि त्याबरोबर डोकंही. तसं डोकं सकाळपासून दुखत होतं, पण प्रवासाचा शीण म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोळी घेऊन आठ किलोमीटर धावले. रात्री उलट्या, झोप नाही, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात गेले. डोकेदुखी ही उंची लागल्याची पहिली खूण असते. टाचेसाठी घेतलेल्या गोळीने मी तीच पुसून टाकली होती.

शिवाय उंचीवर सुरुवातीला लघवी जास्त होते, हवा कोरडी असते, अंगातलं पाणी कमी होतं. अशात या गटातल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि लांब धावण्याच्या आधी घेतल्या तर आणखीच. म्हणून आता पहिले चार-पाच दिवस मी कुठलीच वेदनाशामक घेत नाही. टाच दुखली तर पादत्राणात टाचेखाली जाडसर चकती आणि शिरेसाठी हा व्यायाम: भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या आणि 45 सेकंद तशाच धरून ठेवायच्या, पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. श्वास रोखायचा नाही. धावणं बंद असताना शिरेला तेवढा भार पुरतो आणि बऱ्याच जणांचं दुखणंही काही वेळ उतरतं.

बसल्या जागी दम लागणं, सतत खोकला, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा आणि खाली उतरायची तयारी करा.

वही ठेवा

रोज सकाळी दोन आकडे, दोन वेगळ्या रकान्यांत. पहिल्या रकान्यात डोकं, झोप, भूक मिळून उंची किती जाणवते ते, शून्य ते दहा. दुसऱ्यात टाच: उठल्यावरची पहिली पावलं किती दुखली, शून्य ते दहा. टाचेचा नियम असा की धावताना पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा नेहमीच्या जागी यायला हवा. आला नाही तर कालचं अंतर जास्त होतं, आज कमी. झोप वाईट झाली की सगळंच जास्त दुखतं. पहिला रकाना खराब असेल त्या दिवशी दुसऱ्याच्या आकड्याने घाबरू नका, फक्त वेगाचा सराव टाळा.

चौथ्या दिवसापासून

वीस-तीस मिनिटं, गप्पा मारता येतील इतकं हळू. माझा पुण्यातला सहज वेग किलोमीटरला सहा मिनिटं. लेहमध्ये पहिल्या आठवड्यात तो साडेसातवर गेला. घड्याळाकडे न बघता श्वासाकडे बघा.

रस्ता नीट निवडा. लेह शहर उतारावर वसलं आहे, बाहेर पडलं की एक तर चढ, नाही तर उतार. चढावर घोटा जास्त वाकतो आणि शीर जास्त ताणली जाते, म्हणून टाच दुखरी असणाऱ्याने गाडीने चोगलमसरला उतरावं आणि सिंधूच्या काठाने शे-ठिकसेकडे जाणाऱ्या, तुलनेने सपाट रस्त्यावर धावावं. डावीकडे खडकांवर उभे मठ, उजवीकडे नदीकाठच्या पॉपलर आणि विलोच्या झाडांची हिरवी पट्टी आणि त्यामागे उघडे डोंगर. तिथे हळू धावायला मला कधी जड गेलं नाही. पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली असतं, शीर आखडलेली असते. ऊन अंगावर आल्यावरच निघा, आधी दहा मिनिटं चाला, पोटऱ्या झाकलेल्या ठेवा. बूट जुनेच.

दुसऱ्या आठवड्यात घरच्या अंतराच्या साठ-सत्तर टक्के. तिसऱ्यात एकच वेगाचा दिवस: चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, मधली विश्रांती नेहमीच्या दुप्पट. पायरीवरचा व्यायाम दिवसाआड चालूच. उंचीवर भूक मरते, तरी भात-वरण पोटभर जेवा. कमी खाऊन धावलं तर लोहही पुरत नाही आणि शीरही भरून येत नाही.

खाली आल्यावर

धोक्याचे दिवस खरं तर आता असतात. पुण्यात उतरल्यावर श्वास इतका मोकळा वाटतो की पाय आपोआप वेगात जातात. पण शीर तीन आठवडे त्या वेगाने धावलेलीच नाही. पहिल्या वर्षी मी परतल्यावर तिसऱ्या दिवशी टेकडीवर जोरात धावले आणि नोव्हेंबरपर्यंत टाच धरून बसले. वाढलेल्या तांबड्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा कमी होतात, त्यामुळे सप्टेंबरच्या लेहचा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला रक्तातून फायदा मिळेल अशी आशा धरू नका. म्हणजे घाईचं कारणही उरत नाही. आता परतल्यावर पहिले दहा दिवस मी सपाट रस्त्यावर, लेहमधल्याच वेगाने धावते, आणि वहीतला दुसरा रकाना सलग चार सकाळी दोनच्या वर गेला नाही की मगच टेकडीकडे वळते.