खाजेची ट्यूब, नायटा आणि खरूज : या चुका टाळा

पावसाळ्यात जांघेत किंवा कमरेला खाज सुटली की मेडिकलमध्ये जाऊन “खाजेची ट्यूब द्या” म्हणायचं, इथेच गडबड सुरू होते. हातात पडते ती बरेचदा मिसळ असते: थोडं बुरशीचं औषध, थोडं जंतूंचं आणि वर स्टेरॉइड. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एकही नाव दिसलं तर ती नायट्याला, म्हणजे बुरशीने उठणाऱ्या चट्ट्याला, लावू नका.

स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत खाज बसते, लाली उतरते आणि ट्यूब एकदम गुणकारी वाटते. पण तिथल्या कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे बुरशी निवांत पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट उसळते, की परत तीच ट्यूब. काही आठवड्यांत चट्ट्याची कड पुसट होते, चकंदळात चकंदळ उमटतं. जांघेतली कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वण पडतात. नायटा बरा होतो, हे वण राहतात.

खरा नायटा ओळखायला फारसा अवघड नाही: कड उठलेली, लालसर, खपल्यांची, मधला भाग निवळलेला. ट्यूबने रूप बदललं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ कडेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

औषध बरोबर असूनही लावण्यात चुकतं. मलम नुसत्या चट्ट्यावर नको, कडेबाहेर २ सें.मी.पर्यंत लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या तर नकोतच. भारतात पसरलेल्या आणि २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव मिळालेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही.

करदोरा काढून ठेवा. ओला दोरा दिवसभर कमरेला घासतो आणि बुरशीला घर मिळतं. दमट अंतर्वस्त्रं, घट्ट जीन्स, घरभर फिरणारा एकच टॉवेल, हेही तसंच. लिंबू किंवा लसूण चोळल्याने कातडी भाजते, बुरशी जात नाही.

आता खरूज, म्हणजे कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांचा रोग. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आणि गुप्तांगावर पुरळ असतो आणि घरात दुसरंही कुणी खाजवत असतं. हिलाही स्टेरॉइड लावलं की किडे तसेच राहून लक्षणं झाकली जातात. ५ टक्के पर्मेथ्रिन हे किडे मारणारं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नखांखाली आणि बेंबीतसुद्धा. ८ ते १४ तासांनी आंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. मधे हात धुतले तर हातांना परत लावा. तान्ह्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ज्याला खाज आहे त्यालाच औषध लावणं. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आज बिनखाजेचा दिसणारा भाऊही किडे बाळगून असू शकतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा. धुता न येणारं सामान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किमान तीन दिवस ठेवा.

किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. म्हणून घाबरून रोज पर्मेथ्रिन फासलं तर कातडी कोरडी पडून नवी खाज सुटते.

पुरळ काहीच नाही आणि अंगभर खाज आहे, असं काही आठवडे चाललं तर मलम शोधत बसू नका. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना खाज सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.